धाकटीचा वाटा

सुजाता,

तुला जाऊन नऊ आठवडे झाले आणि मी अजून तुझ्यावर जळते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तसं बोलणारे इथे फ्रँकफर्टच्या मराठी मंडळात पुष्कळ आहेत. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझा पिवळ्या साडीतला फोटो फिरतो आहे आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आहे. मी हात जोडले नाहीत. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्ध्यात टाकून निघून जायची तुझी खोड जुनीच, पण या खेपेला तू हद्दच केलीस.

सुरुवात त्या नाटकापासून करते, कारण आपलं बिनसलं ते तिथे. तू म्हणशील, बिनसलं कुठे, त्या नाटकामुळे तर आपण दर शनिवारी भेटायला लागलो. दोन्ही खरं आहे.

माझ्या मुलीला शाळेत जर्मनच्या तासाला ते ग्रीक नाटक होतं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं. तिला मदत करायची म्हणून मी वाचायला घेतलं आणि एस-बानमध्ये वाचता वाचता दोन स्टेशनं पुढे गेले. गोष्ट तशी साधी. दोन भाऊ गादीसाठी लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा हा त्यांचा सख्खा मामा. तो हुकूम काढतो की एका भाच्याचे अंत्यसंस्कार थाटात होतील आणि दुसरा उघड्यावर पडून राहील. त्याला जो कोणी माती देईल त्याला मरणाची शिक्षा. मागे उरतात दोन बहिणी. मोठी म्हणते, मी देणार माती. धाकटी म्हणते, अगं, हुकूम आहे, आपण दोघी बायका, कसं जमेल. मोठी एकटी जाते, हाताने माती टाकते, पकडली जाते. मग धाकटी धावत येते आणि राजासमोर सांगते की मीही यात होते, मलाही शिक्षा करा. तेव्हा मोठी तिला झिडकारते. तू यात नव्हतीस, आता वाटा मागू नकोस, असं सुनावते.

बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. ते दिवसभर करून घरी यायचं, कुकर लावायचा आणि जेवणाच्या टेबलावर त्या नाटकाचं मराठी करायचं, असे चार महिने काढले मी. मोठीची वाक्यं मी माझ्या जिभेला बेतून लिहिली होती. मनातल्या मनात तालीम झाली होती, साडी ठरली होती. मंडळात पंधरा वर्षं मी प्रॉम्प्टिंग केलं, सतरंज्या घातल्या, समोसे तळले. यंदा ही भूमिका माझी, यात मला शंका नव्हती.

बुर्गरहाउसच्या, म्हणजे वस्तीतल्या समाजमंदिराच्या, वरच्या खोलीत वाचन होतं. मोहनदादा दिग्दर्शक. मी मोठीचा पहिला प्रवेश वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात तू आलीस, प्रयोगशाळेतून थेट, केस तसेच बांधलेले. मंडळात तुझी ती दुसरीच खेप. मोहनदादा म्हणाले, "या, बसा. आता आलाच आहात तर पुढचं पान तुम्ही वाचा." तू पर्स खाली ठेवली नाहीस. खांद्याला लटकवूनच वाचलंस. नागपूरच्या त्या मोकळ्या आवाजात माझी वाक्यं इतकी तुझी वाटली की मीच क्षणभर विसरले, ही कुणी लिहिली आहेत ते. वाचून झालं. मग मोहनदादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंजिरी, धाकटी फार अवघड भूमिका आहे हं. अनुभवी नटीच हवी तिला." इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखते. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना कधीच जमलेलं नाही.

घरी येऊन मी नवऱ्यावर, अजितवर ओरडले, की भांडी का घासली नाहीत. त्याने घासली होती.

तालमी सुरू झाल्या. राज्यातली वृद्ध मंडळी, म्हणजे तो समूह, त्यात आपले चार आयटीवाले. एकाच वेळी चौघेही आले, असं एकदाही झालं नाही. नेहमी कुणी ना कुणी कानात हेडफोन घालून जिन्यात उभा. तू त्यांना हसवायचीस. "राजाचं चुकलं काय?" म्हणायचीस. "तो पक्का जर्मन आहे. त्याने फक्त माती द्यायला तारीख-वेळेचा टेर्मिन दिला नाही." सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मनात म्हणायचे की हे मला का सुचलं नाही.

आपला खरा वाद तो झिडकारण्याचा प्रवेश. मी म्हणत होते की मोठी धाकटीला वाचवते आहे. तोंडाने कडू बोलते, पण आतून तिला बहीण जिवंत राहायला हवी आहे. तू म्हणालीस, "काहून असं वाटतं तुला? तिला वाचवायचं नाहीये, मंजू. तिने केलं ते तिचं आहे. तिला वाटून द्यायचं नाहीये."

"मरायचंच आहे तर सोबत बहीण असली तर काय बिघडलं?"

"मरण काय ढोकळा आहे का, सगळ्यांना एकेक तुकडा द्यायला?"

"म्हणजे ती स्वार्थी आहे."

"आहे नं. म्हणून तर ती मोठी आहे."

मी मोहनदादांकडे दाद मागितली. ते चहा पीत होते, त्यांनी चहाच पिणं पसंत केलं.

प्रयोगाच्या दिवशी त्या प्रवेशात मी ठरल्याप्रमाणे तुझा हात धरला. तू तो झटकलास. तालमीत कधीच झटकला नव्हतास. ठरलं होतं की तू हात हळूच सोडवून घेशील. इतक्या जोरात झटकलास की माझी बांगडी मनगटावर आपटली आणि मला रंगमंचावर खरं रडू आलं. पुढचं वाक्य मी लिहिलेलं होतं, तरी आठवेना. प्रॉम्प्टरच्या जागी त्या दिवशी मी नव्हते ना. प्रयोगानंतर बायका मला म्हणाल्या, "काय रडलीस गं, अगदी खरं वाटलं." आणि तुझ्याभोवती ही गर्दी. जो तो म्हणत होता, काय ते शब्द, काय ते शब्द. तू प्रत्येकाला सांगत होतीस, शब्द मंजिरीचे आहेत. तेही मला झोंबलं. तू ते श्रेय खाल्लं असतंस तर मला निदान तुला नावं तरी ठेवता आली असती.

पुढच्या शनिवारी तू बाजाराच्या कोपऱ्यावर भेटलीस, हातात पालकाच्या दोन जुड्या, आणि म्हणालीस, "हात लागला का गं? मला तो सोडवता येईना. म्हणून झटकला." मी म्हटलं, छे, काही नाही. कॉफी प्यायलो. मग ती शनिवारची रीतच पडली. तीन वर्षं.

त्या तीन वर्षांबद्दल मी तुझे उपकार मानत नाही असं समजू नकोस. घरमालकाने आम्हाला घर सोडायची नोटीस दिली, तेव्हा मी त्याच संध्याकाळी खोकी गोळा करायला लागले होते. कायदा आहे, त्याचं घर आहे, आपण परके, काय बोलणार? तू विचारलंस, "कायदा वाचला का तू?" मी नव्हता वाचला. तू माझ्या टेबलाशी बसून दोन तास वाचलास आणि जर्मनमध्ये असा विडरश्प्रुख, म्हणजे हरकतीचा अर्ज, लिहिलास की घरमालकाने पुन्हा तो विषय काढला नाही. हे मी त्याच घरात बसून लिहिते आहे. खोकी अजून तळघरात पडली आहेत. अजित तेव्हा म्हणाला होता, "तुझ्यात थोडी सुजाता असती तर बरं झालं असतं." बिचाऱ्याने सहज म्हटलं. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही.

आता या वर्षाचं बोलू. उन्हाळ्यात तू बारीक व्हायला लागलीस. मी विचारलं, काय करतेस? म्हणालीस, "रात्रीचा भात सोडला." तुझी हनुवटी निघाली, गळ्याची हाडं दिसायला लागली, आणि मी, सुजाता, मी जळले. पन्नाशीच्या तोंडावर ही बाई अशी दिसते, आणि मी जिन्सचं बटण लावताना श्वास धरते. मीही रात्रीचा भात सोडला. दोन महिने सोडला. माझं दीड किलो उतरलं आणि तुझं दिसेल तेवढं उतरत राहिलं, आणि मी तुझ्यासमोर बसून कॉफीत साखर घालावी की नाही याचा विचार करत होते. तू मला बघत होतीस. काय वाटत असेल तुला तेव्हा? हसू आलं का गं?

मग म्हणालीस, तीन आठवडे नागपूरला जातेय, आईकडे. मी म्हटलं, मला संत्रा बर्फी आण. तू म्हणालीस, आणते. मध्येच एकदा मी मेसेज केला, 'बर्फी विसरू नकोस, खोबऱ्याची नको, संत्र्याचीच.' तुझं उत्तर आलं, 'हो गं बाई.' ते तू शहराच्या पलीकडच्या टोकाला, शेवटच्या दिवसांतल्या माणसांना ठेवतात त्या घरात पडून लिहिलंस. माझ्या घरापासून ट्रामने पस्तीस मिनिटं. मी जाऊन मोजून आले.

तुझ्या मिलिंदचा फोन गुरुवारी आला. मी ऑफिसात होते. तो म्हणाला, "मंजिरी, सुजाता गेली." मी म्हटलं, कुठे? एवढंच सुचलं. मला वाटलं, नागपूरहून आणखी कुठे गेली असेल. मग त्याने सांगितलं. मार्चपासून. स्वादुपिंडाचा कॅन्सर. आधी थोडे उपचार घेतले, मग तूच नको म्हणालीस. कुणाला सांगायचं नाही, अशी नवऱ्याला शपथ घातली होतीस. मी विचारलं, म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं? तो म्हणाला, "हाइकेला माहीत होतं."

कोण हाइके? खालच्या मजल्यावरची ती म्हातारी? जिन्यात एकदा मला 'हालो' म्हणालेली, ट्राम चालवून निवृत्त झालेली? तुझं नावसुद्धा तिला धड घेता येत नाही. सुयाता म्हणते. आठ महिने तुझा आजार त्या सुयाताच्या शेजारणीकडे होता, आणि माझ्याकडे होता रात्रीचा भात.

खरं सांगते, तू गेल्याचं दुःख मला दुसऱ्या दिवशी झालं. पहिला दिवस सगळा हाइकेवर गेला.

तुझ्या निरोपाच्या दिवशी स्मशानातल्या त्या हॉलमध्ये जर्मन काळ्या कपड्यांत होते आणि आपली माणसं पांढऱ्या. मिलिंदने मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं, आवाज दोनदा बसला. तुझा लेक निखिल आखनहून आला होता. एवढा उंच मुलगा, बापाचा दंड धरून उभा होता. बोलणार होती ती हाइके. तूच लिहून ठेवलं होतंस म्हणे. मिलिंद माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आईंना फोनवर घ्यायचंय. निखिल बोलायला लागला की जर्मनवर जातो, आणि मला आज होणार नाही. हाइके बोलेल ते तू त्यांना मराठीत सांगशील का? मी त्यांना सांगितलंय की शेवटपर्यंत सोबत होती ती मैत्रीण बोलणार आहे."

मी हो म्हटलं. तुझी वाक्यं मी लिहिली होती, आता तिची सांगायची.

पहिल्या रांगेत कडेला बसले, फोन तोंडासमोर धरला. आईंचा फोन लागेपर्यंत हाइकेची सुरुवात होऊन गेली होती. पडद्यावर तुझ्या आई, पांढरं लुगडं, चष्मा, मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. त्यांना माझा चेहरा दिसत होता, हाइके दिसत नव्हती. मी आधी सांगायला हवं होतं की आई, तुमच्या लेकीची शेजारीण बोलते आहे, मी फक्त मराठीत सांगतेय. एका वाक्याचं काम. मी ते वाक्य बोलले नाही. विसरले नाही. बोलले नाही.

हाइके म्हणाली, मार्चमध्ये ती मला जिन्यात पायरीवर बसलेली दिसली. मी सांगितलं, मार्चमध्ये ती मला जिन्यात पायरीवर बसलेली दिसली. हाइके म्हणाली, तिला अशा कुणाला तरी सांगायचं होतं जी रडणार नाही, आणि मी रडत नाही, मी अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवली आहे. ट्रामचं वाक्य मी गाळलं. दर मंगळवारी मी तिला गाडीतून दवाखान्यात न्यायचे. येताना आम्ही माइन नदीच्या काठाला थांबायचो. ती पाण्याकडे बघायची, मी घड्याळाकडे. एकदा म्हणाली, तू घड्याळ बघू नकोस, मी आहे ना बघायला. हे सगळं मी मी करून सांगितलं. हळू आवाजात, नीट, एकही शब्द न अडखळता. तुझ्यासोबत मंगळवारी गाडीत मी बसले, नदीकाठी मी थांबले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

आई म्हणाल्या, "पोरी, तू होती नं तिच्याजवळ. बरं झालं बाप्पा. मला वाटून राहिलं होतं, माझी लेक परक्या मुलखात एकटी गेली."

मी म्हटलं, "होते, आई."

नंतर हाइके माझ्याजवळ आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, आई काय म्हणाल्या? मी सांगितलं, त्यांनी तुझे आभार मानले. तिला इतकं बरं वाटलं की तिला नाक पुसावं लागलं. रडत नाही म्हणे.

नाटकातल्या धाकटीचा मला फार विचार यायचा. झिडकारल्यावर ती आत जाते आणि पुढे नाटकात ती कुठेच नाही. बाकी सगळे मरतात, रडतात, पस्तावतात. तिचं काय झालं, कुणी सांगत नाही. मी तुला विचारलं होतं, तर तू म्हणालीस, "काय होणार? घरी जाऊन स्वयंपाक करत असेल." मला राग आला होता. पण त्या दिवशी घरी येऊन मी खरंच स्वयंपाक केला. वरण-भात. रात्रीचा भात.

रविवारी सकाळी आईंचा फोन. मिलिंदकडून नंबर घेतला होता. "मंगळवारी गाडीत काय बोलायच्या गं दोघी?" मी म्हटलं, आई, थोडं काम आहे, पुढच्या रविवारी निवांत सांगते. फोन ठेवला. एकदा खोटं बोलणं सोपं. दर रविवारी बोलायचं तर माल हवा.

म्हणून शनिवारी, आपल्या कॉफीच्या वेळी, मी तुझ्या इमारतीत गेले आणि खालच्या मजल्यावरची बेल वाजवली. हाइकेने दार उघडलं. स्वयंपाकघरात बसवलं, आलुबुखाराचा केक कापला. मी तिला सगळं सांगून टाकलं. की तिचे आठ महिने मी तुझ्या आईसमोर माझ्या नावावर खपवले. माझी तयारी होती. तिने हाकलून द्यावं, ओरडावं, निदान बशी काढून घ्यावी.

तिने केकची सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "आल्झो. असं असेल तर तुला सगळं बरोबर माहीत असायला हवं." आणि उठून तिने ओट्यावरची डायरी आणली. हाताएवढी, चेक्सच्या पानांची. त्यात प्रत्येक मंगळवार. किती वाजता निघालो, रस्ता कुठे अडला, डॉक्टर काय म्हणाले, पाऊस होता की ऊन. ट्रामवरची सवय. म्हणाली, घाईने नको. एका शनिवारी एक मंगळवार.

बघ, तू ज्याचा वाटा दिला नाहीस ते या बाईने केकबरोबर पुढ्यात मांडलं. तू मोठी होतीस म्हणून तू दिलं नाहीस, असं तुझंच म्हणणं. मग ही कोण झाली? आता मला तिच्या मोठेपणाचाही हेवा वाटतो, आणि दर शनिवारी तिच्याकडेच जावं लागतं. मेल्यावरही तू मला जळायला माणूस देऊन गेलीस.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मी तिला विचारलं की सुजाताने मला का नाही सांगितलं. विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं. हाइके म्हणाली, "मीही तिला विचारलं होतं. ती म्हणाली, शनिवारी मी आजारी नसते." आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "गेनाऊ, अगदी तसंच. तुझ्यासोबत ती बरी असायची." तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

नाही वाटलं. मला बरी सुजाता नको होती. ती तर मंडळाला होती, प्रयोगशाळेला होती, सगळ्या फ्रँकफर्टला होती. मला तुझं आजारपण हवं होतं. मला मंगळवार हवे होते, ओकारीची भांडी हवी होती, दवाखान्यातल्या खुर्च्या हव्या होत्या. म्हणजे आपला वाद मीच जिंकले म्हणायचं, नाही का? मोठी धाकटीला वाचवतच होती. आणि हे जिंकून मी काय करू, सुजाता? की तू अजूनही म्हणशील, वाचवलं वगैरे काही नाही, मला वाटून द्यायचं नव्हतं? मला अजून कळत नाही यातलं खरं कुठलं. तुझ्याकडून एकदा ऐकायचं राहिलं.

गेल्या रविवारी आईंनी वेगळंच विचारलं. "शेवटी शेवटी काय बोलली गं ती? माझं काही?" मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. शनिवारी हाइकेला म्हटलं, आज मधले मंगळवार सोड, शेवटचा आठवडा काढ. तिने पानं उलटली. मिलिंद सकाळी आणि संध्याकाळी असायचा, दुपारी ती. तिने बोट ठेवून वाचलं: 'दुपारी पुष्कळ बोलली. तिच्या भाषेत.' दुसऱ्या दिवशी, 'तिच्या भाषेत, तासभर.' तिसऱ्या दिवशी तेच. मी विचारलं, तू काय केलंस? हाइके म्हणाली, "मी हात धरला आणि म्हणत राहिले, हो, सुयाता, हो. मला एक अक्षर कळलं नाही. मला वाटलं, मला कळत नाही हे तिला माहीत आहे." तेव्हा ती रडली, सुजाता. अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवलेली बाई केकच्या बशीवर रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवताना मनात एकच, की ते तीन दुपारचे तास माझे होते. तू मराठीत बोललीस. ते माझ्याचसाठी होते, आणि तू ते एका न कळणाऱ्या बाईला ऐकवलेस.

आज रविवार. अकराला फोन आला. आई म्हणाल्या, "हं, सांग. काय बोलली?"

मी काहीही सांगू शकले असते. तुझ्या तोंडी वाक्यं घालणं मला येतं, त्याला टाळ्या पडलेल्या आहेत. 'आईला सांभाळा' म्हणाली, एवढं सांगितलं असतं तरी त्या म्हातारीला जन्मभर पुरलं असतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच्याने होईना.

"आई, मी तिथे नव्हते," मी म्हटलं. "गाडीतही नव्हते. मला काहीच माहीत नव्हतं. ती मला म्हणाली, नागपूरला जातेय. ते सगळं शेजारच्या बाईंनी केलं. मी फक्त मराठीत सांगत होते."

आईंच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "माहीत आहे मला. मिलिंदने सांगितलं नं, त्याच दिवशी रात्री."

"मग तुम्ही मला दर रविवारी का विचारत होता?"

"कोणाला विचारू मग? त्या बाईची भाषा मला येते का? मिलिंद दोन शब्द बोलला की रडून राहिला. तू छान सांगत होती. मी ऐकत होती." पुढे म्हणाल्या, "मलाही कुठे सांगितलं तिने? मला म्हणाली, काम फार आहे, जानेवारीत येते."

मला वाटायचं, आईला तरी माहीत असेल. त्यावरही मी एक दिवस जळून झाले होते.

"मंजिरी," आई म्हणाल्या, "चांगली बाई आहे ती. माझ्या लेकीसाठी इतकं कोणी केलं नसतं. पण तुला सांगते, मला तिचा फार राग येतो."

"मलाही, आई."

"येतो नं?"

"फार."

"बरं झालं बाई, तू तरी बोलली." त्यांनी नाक ओढलं. मग शाळामास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, "आता शनिवारी जाशील तेव्हा विचारून ठेव, शेवटी माझ्या लेकीला पोळी कोणी दिली का. त्या बाईला पोळी येत नसेल."

"येत नाही, आई," मी म्हटलं. "मी दिली असती."